सोडलं, पण कुणाला? दस्त लिहिणाऱ्यांना एक खुलं पत्र

प्रति,
ठाण्याच्या कोर्ट नाक्यापासून वाशी-बेलापूरपर्यंत हक्कसोडपत्रं, संमतिपत्रं आणि ताबापावत्या लिहून देणारे वकील व दस्तलेखक. तसंच ते मसुदे सभासदांच्या दारात पोचवणाऱ्या गृहनिर्माण संस्थांच्या समित्या

सप्रेम नमस्कार.

तुमच्यातले बरेच जण मला चेहऱ्याने ओळखतात. गेली बावीस वर्षं मी कोर्ट नाक्यावर दस्तांची भाषांतरं करते. मराठीचं इंग्रजी, इंग्रजीचं मराठी, पानाप्रमाणे पैसे. तुम्ही लिहिलेला शब्दन्‌शब्द वाचणारं माणूस बहुधा मीच असते. लिहून देणारा वाचत नाही, लिहून घेणारा शेवटचं पान आणि रक्कम बघतो. गर्दीच्या दिवशी तर तुम्हीही वाचत नाही. मागच्या पक्षकाराचं नाव पुढच्याच्या दस्तात तसंच राहिलेलं मी तीनदा पकडलंय आणि तीनदा तुम्ही मला चहा पाजलाय. त्या चहाला स्मरून हे पत्र लिहिते आहे.

निमित्त घरातलंच आहे. नौपाड्यातली आमची इमारत जुनी आहे, गच्चीवर पत्रे आहेत, पुनर्विकास व्हायलाच हवा. त्याला माझा विरोध नाही, हे आधीच सांगते, कारण प्रश्न विचारणाऱ्याला लगेच ‘विरोधक’ ठरवायची पद्धत आहे. गेल्या महिन्यात वॉचमन दारात आला. एका हातात चार पानी संमतिपत्र, दुसऱ्या हातात पोच घ्यायची वही. सातवं कलम असं: ‘मी माझ्या सदनिकेवरील सर्व हक्क, हितसंबंध व ताबा विकासकाकडे स्वेच्छेने समर्पित करीत आहे.’

मी सेक्रेटरींना फोन केला. ते म्हणाले, ‘मॅडम, स्टँडर्ड फॉर्मॅट आहे. सगळ्यांच्या सह्या झाल्यात.’

मग समोरच्या काकांकडे गेले. बँकेतून निवृत्त झालेले, आयुष्यभर दुसऱ्यांच्या कर्जाची कागदपत्रं तपासलेले गृहस्थ. त्यांनी सही केली होती. मी विचारलं, ‘काका, तुम्ही नक्की काय दिलंत?’ ते म्हणाले, ‘काय म्हणजे? घर रिकामं करून देणार. इमारत बांधून झाली की परत येणार.’

बरोबर आहे त्यांचं. पुनर्विकासात असंच व्हायला हवं. माणूस ठराविक मुदतीसाठी ताबा देतो. हक्क त्याचाच राहतो, आणि त्या हक्काच्या जोरावरच त्याला नवी सदनिका मिळते. पण सातव्या कलमात काकांनी हक्कही दिलाय, हितसंबंधही दिलेत. पुढे विकास करारनामा होईल, पर्यायी जागेचा करार होईल, त्यात सगळं नीट लिहिलं जाईल, असं तुम्ही म्हणाल. जाईलही. पण एखादा विकासक अर्ध्यात बुडाला आणि प्रकरण कोर्टात गेलं, तर समोरचा वकील आधी कोणता कागद काढेल? काकांच्या सहीचा, ज्यात ‘सर्व’ आणि ‘समर्पित’ एका वाक्यात बसलेत, तो.

आता शब्दाकडे येते, कारण माझी खरी तक्रार त्या शब्दाबद्दलच आहे.

इंग्रजीत ‘सीड’ (cede) असं एक क्रियापद आहे. मूळ लॅटिन ‘केडेरे’, म्हणजे जाणे, मागे सरणे, वाट देणे. ‘रिसीड’, ‘कन्सीड’ ही त्याचीच भावंडं. मुलूख किंवा हक्क रीतसर दुसऱ्याच्या हवाली करायचा असेल, बहुधा तहाने, तेव्हा ते वापरतात. शेजारी ‘सरेंडर’ आहे, ‘रिलिंक्विश’ आहे, ‘रिलीज’ आहे, ‘वेव्ह’ (waive) आहे. ‘सीड’ म्हटलं की कुणाला ते सांगावं लागतं. ‘रिलिंक्विश’ म्हटलं की आपण हात सोडला, खाली कोण झेलतं याचं त्या शब्दाला देणंघेणं नसतं. ‘वेव्ह’ म्हणजे हक्क आहे, पण या वेळी बजावत नाही. तुमच्या दस्तात या सगळ्यांना मिळून ‘सोडून दिला’ किंवा ‘समर्पित केला’ एवढंच असतं. भाषांतराला बसलं की माझं पेन तिथे अडतं. चुकीचा इंग्रजी शब्द निवडला तर कुणाचा तरी हिस्सा बदलतो. मी तुम्हाला फोन करते. तुम्ही म्हणता, ‘टाका हो काहीतरी, तेच ते.’

तेच ते नाही. आणि हे मराठीला जमत नाही असंही नाही. आपल्याकडे या कामाला शब्दांचा तोटा कधीच नव्हता. हक्क सोडतात, ताबा देतात, किल्ली सुपूर्द करतात, आरोपी हवाली करतात, किल्ला स्वाधीन करतात. बुडीत पैशांवर पाणी सोडतात. हे पाणी दानाच्या संकल्पातलं, हातावरून सोडायचं उदक. संसारावर तुळशीपत्र ठेवतात. जुन्या महसुली कारभारात शेतकरी जमीन सोडायचा तेव्हा ‘राजीनामा’ द्यायचा आणि घेणारा ‘कबुलायत’ लिहून द्यायचा. राजीनामा म्हणजे राजी असल्याचा कागद. देणाऱ्याची राजी आणि घेणाऱ्याची कबुली, असे समोरासमोर दोन कागद. आज आपण नोकरी सोडताना एकच देतो, ते असो.

या सगळ्यांत मला सर्वांत प्रामाणिक वाटतो तो पेशव्यांच्या काळातल्या तहांचा शब्द: मुलूख ‘तोडून देणे’. त्यात ‘तोडून’ आहे. आपल्यातलं काहीतरी तुटतंय हे लिहिणाऱ्यालाही कळतं, ऐकणाऱ्यालाही. आणि तोडून द्यायचं म्हटलं की कुठून कुठपर्यंत ते सांगणं आलंच. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहात दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजी फौजेच्या खर्चापोटी मुलूख तोडून दिला तोसुद्धा २६ लाख रुपये उत्पन्नाचा, असा मोजून. राज्य हातचं जायला लागलं होतं, तरी आकडा लिहिलेला होता. आमच्या सातव्या कलमात आकडा नाही, मुदत नाही, मोबदला नाही. नुसतं ‘सर्व’.

ठाण्यात बसून ताबा आणि हक्क यांची गल्लत करावी याचं तर मला विशेष नवल वाटतं. तुमच्या टेबलांपासून हाकेच्या अंतरावर मध्यवर्ती कारागृह आहे. तो ठाण्याचा किल्ला. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी तो लढून घेतला आणि ताबा त्यांचा झाला. कागद नंतर आले. मार्च १७७५ मध्ये सुरतेला राघोबादादांनी साष्टी, म्हणजे ठाणे ज्यावर आहे ते बेट, आणि वसई इंग्रजांना द्यायचं कबूल केलं. पुण्याचे कारभारी तेव्हा दादांना पेशवा मानत नव्हते, त्यामुळे जे आपल्या हाती नव्हतं तेच त्यांनी लिहून दिलं. त्यावर लढाया झाल्या, आणि साष्टीचा निकाल कायमचा लागला तो १७८२ च्या सालबाईच्या तहात. ताब्यानंतर हक्काचा कागद पक्का व्हायला साडेसात वर्षं गेली. तुम्ही रोज दुपारी ज्या भिंतीच्या सावलीत डबा खाता, तिचा इतिहास एवढाच आहे की ताबा वेगळा आणि हक्क वेगळा, आणि सही करणाऱ्याकडे द्यायला मुळात काय होतं ते आधी बघावं.

स्वतंत्र भारतात तर सरकारलाही हे ऐकावं लागलं. पश्चिम बंगालमधल्या बेरुबारीचा भाग पाकिस्तानला द्यायचा करार झाला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये मत दिलं की देशाचा प्रदेश दुसऱ्या देशाला द्यायला साधा कायदा पुरत नाही, घटनादुरुस्ती लागते. म्हणून नववी घटनादुरुस्ती करावी लागली. बांगलादेशाबरोबर सीमेवरच्या गावांची अदलाबदल झाली तीही २०१५ च्या शंभराव्या घटनादुरुस्तीने. देशाला जमिनीचा तुकडा सोडायला एवढं करावं लागतं. माझ्या आत्याला अंगठा पुरला.

ती गोष्ट सांगते. त्याशिवाय माझा या शब्दावर एवढा राग का, ते कळायचं नाही.

माझं माहेर ठाणे-बेलापूर पट्टीतलं. १९७० मध्ये नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली ९५ गावं घेतली, त्यातलं एक. कागदावर त्याला ‘संपादन’ म्हणतात. विद्या संपादन करतात, यश संपादन करतात, तशी आमच्या आजोबांची भातशेती संपादन झाली. हे क्रियापद घेणाऱ्याचं आहे. देणाऱ्यासाठी त्या कागदात क्रियापदच नव्हतं. गावातली जुनी माणसं अजून एवढंच म्हणतात, ‘जमीन गेली.’ त्या लॅटिन ‘केडेरे’चा अर्थही ‘जाणे’ असाच आहे हे मला फार उशिरा कळलं आणि त्या दिवशी मी जरा वेळ काम बंद ठेवलं होतं. पुढे जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांचं जासईचं आंदोलन झालं, जानेवारी १९८४ मध्ये पाच जण पोलिसांच्या गोळीबारात गेले, आणि १९९० मध्ये साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. म्हणजे जे ‘गेलं’ त्यातलं थोडं परत यायचं कबूल झालं, तेही माणसं मेल्यावर.

आमचा भूखंड कागदावर यायला आणखी बरीच वर्षं लागली. वारस तिघं: माझे वडील, धाकटे काका आणि आत्या. आत्या म्हणाली, मला नको, भावांना राहू दे. अशी कितीतरी आत्या-मावशा तुम्ही पाहिल्यात. मुलींच्या हक्काचा कायदा महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि देशभर २००५ मध्ये झाला, पण भाऊबीजेची ओवाळणी तुटू नये म्हणून बहिणी हक्क सोडतात. चांगलं की वाईट ते मी इथे बोलत नाही. तिची इच्छा होती.

वडील तुमच्यातल्याच एकाकडे गेले. नाव लिहीत नाही. त्या माणसाच्या मनात पाप नव्हतं, अजूनही मला नमस्कार करतो. वडील म्हणाले, ‘बहिणीचं हक्कसोड करायचंय.’ त्याने ‘लिहून देणार’मध्ये आत्याचं नाव घातलं आणि ‘लिहून घेणार’मध्ये वडिलांचं, कारण खुर्चीत वडील बसले होते. काका त्या दिवशी कंपनीत ड्युटीवर होते. चौदाव्या ओळीत आलं, ‘माझा संपूर्ण अविभक्त हिस्सा लिहून घेणार यांचे हक्कात कायमचा सोडून दिला आहे.’ नोंदणीच्या वेळी आत्याने पदर सारखा केला, कारण कॅमेऱ्यात फोटो निघणार होता. तिला सही येत होती. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकली होती आणि तिला ती करून दाखवायची होती. पण गर्दी होती, अंगठ्यावर भागलं. ‘दस्त कबूल आहे?’ ‘हो.’ मी त्या वेळी दोनशे पावलांवर दुसऱ्या कुणाचं तरी हक्कसोडपत्र इंग्रजीत करत होते.

काकांना दोन वर्षांनी कळलं की आत्याचा सगळा हिस्सा थोरल्या भावाकडे गेलाय. त्यांना वाटलं, भावाने फसवलं. वडिलांनी कागद काढून वाचला, बहुधा पहिल्यांदाच, आणि गप्प बसले. आत्या ठाण्याला माझ्याकडे आली आणि दारातच म्हणाली, ‘बाय, मी हक सोरला. त्या एकल्याला थोरीच दिला?’

तिला फरक कळत होता. सोडणं म्हणजे मी बाजूला झाले, उरलेल्यांचं उरलेल्यांत राहू दे. देणं म्हणजे तू घे. तुमच्या चौदाव्या ओळीत ‘सोडून दिला’ होतं, त्यातलं ‘सोडून’ आत्याने ऐकलं आणि ‘दिला’ वडिलांच्या नावावर चढलं. नोंदणी झालेला दस्त फिरवायचा तर कोर्ट. फसवणूक किंवा गैरसमज सिद्ध करायचा, तोही कळल्यापासून तीन वर्षांत, आणि तो करायचा कुणाविरुद्ध, तर सख्ख्या भावाविरुद्ध. ती नाही म्हणाली. त्यानंतर भाऊबीजेला ती एकाही घरी आली नाही. वडील गेले तेव्हा काका स्मशानात आले, तिथून परस्पर निघून गेले.

म्हणून मला ‘स्टँडर्ड फॉर्मॅट’ हे शब्द सहन होत नाहीत.

बाकीच्या तक्रारी थोडक्यात. ‘स्वेच्छेने, राजीखुशीने, कोणत्याही दडपणाखाली न येता, नशापाणी न करता’ हे तुम्ही प्रत्येक दस्तात घालता. माणसाला कागद घरी न्यायला दिला असता तर यातलं निम्मं लिहावंच लागलं नसतं. ‘हक्क, हितसंबंध व ताबा’ हा तिहेरी गोफ तुम्ही सवयीने विणता, गरज एकाच पदराची असते.

आणि ‘समर्पित’. तुमच्या सगळ्या शब्दांत मला याची धास्ती जास्त वाटते. मार्चअखेरीला सरकारी खाती न वापरलेला निधी समर्पित करतात, तिथे तो खपून जातो. माणसाच्या घराला लावला की त्याला देवघराचा वास येतो. देवाला वाहिलेल्या फुलाचा कुणी हिशेब मागत नाही. हाच माणूस विम्याची पॉलिसी ‘सरेंडर’ करायला जातो तेव्हा पहिला प्रश्न विचारतो, किती मिळतील? सरेंडर व्हॅल्यूचा तक्ता मागतो, दोन वर्षं थांबलो तर किती वाढेल तेही विचारतो. उसना इंग्रजी शब्द त्याला प्रश्न विचारू देतो आणि आपला संस्कृत शब्द त्याला हात जोडायला लावतो. समोरच्या बँकवाल्या काकांचं हेच झालं.

आणखी एक गंमत. फ्लॅट विकून झाल्यावर जमीन आणि इमारत संस्थेच्या नावे करून देणं हे बिल्डरवर १९६३ च्या कायद्यानेच बंधनकारक आहे. तरी किती संस्थांना ते मिळालेलं नाही, हे तुमच्या फायलींनाच माहीत. अखेर सरकारला ‘मानीव अभिहस्तांतरण’ आणावं लागलं, म्हणजे बिल्डरने दिलं नाही तरी दिलं असं मानायचं. ज्याने द्यायलाच हवं त्याच्याकडून क्रियापद निघत नाही म्हणून कायद्याला ते त्याच्या वतीने उच्चारावं लागतं. आणि ज्याने द्यायची गरज नाही, तो चार पानांत सगळं समर्पित करून मोकळा.

माझ्या मागण्या अशा आहेत.

हक्क सोडण्याच्या प्रत्येक दस्ताच्या पहिल्या पानावर, कलमांच्या आधी, साध्या मराठीत चार ओळी लिहा: मी काय सोडते आहे, किती, कुणाकुणाच्या नावे, आणि त्यानंतर माझं काय उरतं. मोबदला असेल तर रक्कम. नसेल तर ‘मोबदला नाही’ असं स्पष्ट. दोन भाऊ असतील आणि एकाचंच नाव घालायचं असेल, तर दुसऱ्याचं नाव घेऊन ‘यांना नाही’ असं लिहा. वाचताना कुणाला तरी टोचलं पाहिजे.

ताबा आणि हक्क एका वाक्यात घालू नका. ताबा द्यायचा असेल तर ‘ताबा देत आहे’ लिहा, पुढे तारीख आणि परतीची मुदत लिहा.

मसुदा सहीच्या किमान आठ दिवस आधी घरी न्यायला द्या. ज्याला वाचता येत नाही त्याला त्याच्या बोलीत वाचून दाखवा. आगरी, कोळी, वारली बोलणारी माणसं तुमच्या ऑफिसात रोज येतात. त्यांना ‘अविभक्त हिस्सा’ म्हणजे काय ते विचारून बघा एकदा. ज्याला सही येते त्याला सही करू द्या, मग अंगठा घ्या.

आमच्या समितीला वेगळं सांगते. पुनर्विकासाच्या शासन निर्णयाप्रमाणे ५१ टक्के संमती लागते. ती तुम्हाला मिळेल, माझीही मिळेल. फक्त सातवं कलम मागे घ्या आणि सगळ्यांना, आधी सह्या केलेल्यांनाही, सुधारलेलं पान द्या.

नवं कलम मीच लिहून दिलंय, त्याचे पैसे नकोत: ‘पुनर्विकासाच्या कामासाठी मी माझ्या सदनिकेचा ताबा करारात ठरलेल्या मुदतीपुरता देण्यास संमती देत आहे. सदनिकेवरील माझा हक्क कायम आहे.’ दोन वाक्यं आहेत. समोरच्या काकांना वाचून दाखवली. ते म्हणाले, ‘मग मी हेच तर म्हणत होतो!’

माझं संमतिपत्र मी वॉचमनच्या हाती सहीशिवाय परत पाठवलंय. ‘समर्पित’खाली पेन्सिलीने रेघ आहे आणि बाजूला ‘काय? किती? कुणाला?’ एवढंच लिहिलंय. पान बदलून आलं की त्याच संध्याकाळी सही करीन.

आपली,
दस्तांची भाषांतरं करणारी एक
नौपाडा, ठाणे